घोडपदेवच्या गाळ्यातली भट्टी

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी साठत जातात, फुटकी भांडी आणि किस्से. भांडी महिन्याअखेरीस गोणीत भरून खाली देता येतात. किस्से कुठे देणार? परवा दादरला मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायला बसले होते. एकीनं हातातला कप उलटा करून बुडाखालचा शिक्का बघितला आणि विचारलं, "वंदना, तुम्ही दिवसभर करता काय गं तिकडे?" मी सांगायला लागले ते थांबलेच नाही. वेटर दोनदा येऊन टेबल पुसून गेला, तरी आम्ही उठलो नाही. त्यातलेच हे काही.

आधी ओळख. मी वंदना कांबळे. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, आर्ट कॉलेजात सिरॅमिक शिकले. प्रदीप माझ्या वर्गातला, घोडपदेवचा, घरी मालवणी बोलणारा. गेली बारा वर्षं आम्ही दोघं घोडपदेवच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर पॉटरीचा स्टुडिओ चालवतो. दोन चाकं, एक इलेक्ट्रिक भट्टी आणि छतापर्यंत फळ्या. प्रदीप माझा नवरा नाही. हे आधीच सांगते, कारण पुढच्या प्रत्येक किश्शात कुणी ना कुणी ते विचारलेलं आहे आणि मी ते दर वेळी गाळलंय.

* * *

सुरुवात भट्टीपासूनच करते.

नवीन गाळा, नवीन भट्टी, पहिलीच मोठी ऑर्डर. प्रदीप इतका खूश की फोनवर बोलताना आवाज आपोआप चढायचा. जिन्यात उभा राहून तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "काही काळजी करू नका. उद्या सकाळी भट्टी लावतो, तीन दिवसांत माल तुमच्या हातात!"

आता घोडपदेवच्या जिन्यात उभं राहून कुणी 'भट्टी' आणि 'माल' एका वाक्यात बोललं, तर ऐकणाऱ्यानं काय समजावं?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन हवालदार दारात. एक पन्नाशीचे, पोट सुटलेले, शांत. दुसरा तरुण, एकदम तयारीत आलेला. भट्टी कुठाय, म्हणून विचारलं. प्रदीपला वाटलं कौतुकानं बघायला आलेत. त्यानं मोठ्या अभिमानानं आत नेऊन दाखवली. तरुण हवालदारानं विचारलं, माल कुठाय. प्रदीप म्हणाला, आतच आहे. मग काढ बाहेर, असा हुकूम झाला. प्रदीप म्हणाला की आत्ता उघडता येणार नाही, आत हजार डिग्रीच्या वर तापलंय, परवा सकाळी या.

एवढं बोलल्यावर कुणाचाही संशय वाढेल. मी हातातली माती तशीच टाकून धावले. फळीवरची कच्ची भांडी दाखवली, कॉलेजचं सर्टिफिकेट दाखवलं, भट्टीच्या भोकातून आतला नारिंगी उजेड दाखवला. थोरले हवालदार बराच वेळ त्या भोकासमोर वाकून उभे होते. मग परवा येतो म्हणून दोघं गेले.

ठरल्या सकाळी थोरले एकटेच आले. साध्या कपड्यांत. आम्ही झाकण उघडलं तेव्हा ते आमच्यापेक्षा पुढे वाकलेले. आतून एकेक मग बाहेर निघायला लागला. गरम मग बाहेरच्या हवेत आले की बारीक टिणटिण वाजतात, तो आवाज ते मान तिरकी करून ऐकत राहिले. अठ्ठेचाळीस मग टेबलावर लागले. त्यांनी एक उचलला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले,

"आख्ख्या नोकरीत पहिल्यांदा बघतोय. भट्टी लावली आणि नुसते ग्लास निघाले."

* * *

लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारात भारीतलं रेस्टॉरंट उघडत होतं. तिथला शेफ आमच्याकडे आला. त्याला साठ प्लेटा हव्या होत्या, पण गोल गुळगुळीत नकोत. हातानं केलेल्या वाटल्या पाहिजेत, थोड्या वाकड्या, जरा ओबडधोबड. प्रदीपला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वाकडं करायला सांगत होतं. त्यानं आनंदानं सहा नमुने केले. सहाही वेगवेगळ्या दिशांना वाकडे.

शेफनं ते टेबलावर मांडले. मागे सरकून बघितलं, पुढे येऊन बघितलं. एकावर एक ठेवले तर डुगडुगायला लागले. मग तो फार गंभीरपणे म्हणाला, "वाकड्या हव्यातच. पण सगळ्या सारख्या वाकड्या."

पुढचा पंधरवडा मी जे बघितलं ते सांगून पटणार नाही. प्रदीपनं कागदावर गोल काढून त्यावर घड्याळासारखे आकडे लिहिले आणि तो कागद चाकाशेजारी चिकटवला. प्लेट आधी चाकावर अगदी नीट गोल करायची, चाक थांबवायचं, मग चारच्या आकड्यावर अंगठ्यानं दाब आणि नऊच्या आकड्यावर दोन बोटांनी उचल. साठ वेळा. अंगठ्याचा दाब कमीजास्त झाला की प्लेट मोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गोल प्लेट करायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागला. मधेच चहा घेऊन गेले तर म्हणाला, "आत्ता नको गो, वाकडेपणा चुकतलो."

ऑर्डर गेली. दोन दिवसांनी रेस्टॉरंटमधून एक प्लेट परत आली, बबलरॅपमध्ये गुंडाळून, वर चिठ्ठी लावून. प्रदीपच्या हातून एका प्लेटीला अंगठा लावायचा राहून गेला होता.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'डिफेक्टिव्ह पीस. गोल आहे.'

* * *

हा छोटा आहे, पण मला सांगायचाच आहे.

नवरात्राच्या आधी गिरगावातून एका बाईंचा फोन आला. घटस्थापनेसाठी मातीचा घट हवा होता, चांगल्या मातीचा, हातानं केलेला. कुणीतरी माझा नंबर दिला होता. बोलणं छान चाललं होतं. उंची ठरली, तोंड किती रुंद ते ठरलं. मग त्यांनी नाव लिहून घ्यायला म्हणून आडनाव विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आवाज आला, "म्हणजे तुम्ही कुंभार नाही."

मी म्हटलं, काम कुंभाराचंच करते. त्या म्हणाल्या, तसं नाही हो, पूजेचं असतं ना, नंतर कळवते. फोन ठेवला. मी चाकावर परत बसले, पण त्या दिवशी भांडं काही उठेना. तीन भांडी ओळीनं कलंडली. प्रदीपनं मळलेली माती आणून शेजारी ठेवली आणि गेला.

दोन दिवसांनी त्याच घरातून सुनेचा फोन. आवाज खाली, घाईतला. घट पाठवा म्हणाली. सासूबाईंना सांगितलंय की तुम्ही कुंभार आहात, आणि ते काही खोटं नाही ना, असंही वर म्हणाली. मला हसू आलं आणि रागही आला. घट केला, मन लावून केला. खोक्यात आमचं कार्ड ठेवलं, नाव आणि आडनाव मोठ्या अक्षरात असलेलं. अगदी वर, उघडल्या उघडल्या दिसेल असं.

परत काही आलं नाही. तक्रार नाही, घटही नाही.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी फोन वाजला. त्याच बाई, स्वतः. म्हणाल्या, गेल्या वर्षीसारखाच हवा, तोंड मात्र बोटभर मोठं करा. या वेळी त्यांनी आडनाव विचारलं नाही.

मीच सांगितलं.

* * *

शनिवार-रविवारी आम्ही क्लास घेतो. एकदा वरळीच्या एका ऑफिसातली आठ माणसं टीम बिल्डिंग म्हणून आली. त्याच बॅचला एक आजोबा होते, लालबागचे, सत्तरीचे. सुनेनं वाढदिवसाला क्लास भेट दिला होता. पांढरा शर्ट इस्त्रीचा, त्यावर आमचा ॲप्रन. ते इतके संकोचले होते की स्टूल भिंतीला टेकवून बसले.

चाकावर सगळ्यात अवघड काय, तर मातीचा गोळा मधोमध आणणं. चाक फिरतंय आणि गोळा हलत नाही, जणू उभाच आहे, असं दिसलं पाहिजे. हे जमायला मला कॉलेजात दोन महिने लागले होते. ऑफिसवाले एकेक करून बसले. ज्यानं जोर लावला त्याचा गोळा भिंतीवर गेला. ज्यानं जोर लावला नाही त्याला गोळ्यानंच हलवलं. त्यांचे मॅनेजर सगळ्यात शेवटी बसले, आणि मागून सातही जण सूचना द्यायला लागले. डावा हात घट्ट धरा, सर. नाही सर, सोडा. सर, स्पीड कमी करा. सरांचा गोळा सरांच्या मांडीत आला.

मग आजोबांचा नंबर. मी नेहमीसारखं समजवायला सुरुवात केली, पण त्यांनी मान डोलावली आणि हात ठेवले. कोपर मांडीवर टेकलेलं, खांदे सैल, नजर समोर. गोळा दोनदा थरथरला आणि उभा राहिला. मला वाटलं चुकून झालं असेल. मी गोळा मुद्दाम एका बाजूला ढकलला. त्यांनी परत आणला, तितक्याच वेळात.

मी विचारलं, आजोबा, आधी कुठे शिकलात. ते लाजले. म्हणाले, शिकलो कुठे, बसवर ड्रायव्हर होतो. परळच्या पुलावरून डबलडेकर वळवायची म्हणजे स्टेअरिंग असंच धरायचं. आवळायचं नाही आणि सोडायचंही नाही.

मॅनेजर मांडीवरची माती पुसत जवळ आले आणि त्यांनी खरोखर मनापासून विचारलं, काका, मला काही टीप द्या. आजोबांनी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सात जणांकडे बघितलं.

"साहेब, मागचे पॅसेंजर ओरडतात तिकडे लक्ष द्यायचं नाही."

* * *

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एका मुलीनं आईसाठी कालवण करायला मातीचं भांडं मागवलं. लाल मातीची वीस भांडी आम्ही नुकतीच काढली होती, त्यातलं एक पाठवलं. चौथ्या दिवशी तिची आईच दारात. कोळीण मावशी, साठीच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत आमचं भांडं.

नमस्कार-चमत्कार काही नाही. भांडं टेबलावर ठेवलं, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, हे मुकं हाय.

मी वाजवून बघितलं. मला आवाज बरा वाटला. प्रदीपनं वाजवलं, त्यालाही बरा वाटला. खरं सांगायचं तर आम्हीही भांडी वाजवूनच बघतो. भांड्याला तडा असला की आवाज बसतो. पण त्या आठवड्यात घाई होती आणि वीस भांड्यांवरून आम्ही नुसता हात फिरवला होता. ते काही मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हटलं, मावशी, भांडं चांगलं आहे, तुम्ही वापरून तर बघा.

त्या थेट फळीपाशी गेल्या. उरलेली एकोणीस भांडी एकामागून एक वाजवली. सतरा जागेवर ठेवली, दोन खाली जमिनीवर. मग पदर खोचून स्टुलावर बसल्या, आता तुम्ही काय करता ते बघू, अशा थाटात.

प्रदीपनं तीनही भांड्यांत शाई घातलेलं पाणी ओतलं. आम्ही तिघं बघत बसलो. दहा मिनिटांत पहिल्या भांड्यावर बाहेरून निळी रेघ उमटली, केसाएवढी बारीक. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर सगळ्यात लांब, अगदी बुडापर्यंत. गॅसवर चढवलं असतं तर कालवणासकट दोन तुकडे झाले असते. माझा चेहरा उतरला. मावशींना मात्र विजय वगैरे काही झाल्यासारखं वाटलं नाही. त्यांनी सतरातलं एक निवडलं, पुन्हा वाजवलं आणि पिशवीत घातलं.

प्रदीपला राहवेना. त्यानं विचारलं, मावशी, तुम्ही मासे विकता, भांड्याचं एवढं कसं कळतं?

"मासा बोलत नाय, म्हून त्याचे डोले बघायचे," मावशी पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. "भांड्याला डोले नाय, म्हून कान लावायचा. तुमी दोगांनी डोल्यानं बघितलंव."

* * *

आता सावंतकाका.

परळला राहणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मिलच्या स्टोअरमध्ये कारकून होते. एका सकाळी दोन जिने चढून आले, खुर्चीवर बसून श्वास घेतला आणि म्हणाले, मला एक बरणी करून पाहिजे. झाकणाची. मी वही घेतली आणि कशासाठी म्हणून विचारलं.

"अस्थी ठेवायला. माझ्या."

माझं पेन थांबलं. प्रदीपनं चाक बंद केलं.

काका अगदी सरळ सांगत होते. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली. सगळं घाईत झालं. अस्थी आणायला कुणी काही नेलं नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी जी सापडली ती प्लॅस्टिकची बरणी दिली. काका म्हणाले, हिनं आयुष्यभर घरात प्लॅस्टिक येऊ दिलं नाही, आणि शेवटी हिला त्याच्यातूनच नेलं. त्याचं काही करता येत नाही. पण माझ्या वेळेला मुलीची तशी धावपळ व्हायला नको.

आम्ही दोघांनी हो म्हटलं. मग काकांमधला स्टोअरचा कारकून जागा झाला.

पहिला प्रश्न मापाचा. प्रदीपनं मोबाईलवर शोधून अंदाज सांगितला. काकांचा मोबाईलवर विश्वास नव्हता. दुसऱ्या वेळी ते पिशवीतून तांदूळ घेऊन आले, आमच्या फळीवरच्या बरण्यांत एकेक करून ओतून बघितले आणि एक माप पक्कं केलं. मी सांगितलं की काका, माती भाजल्यावर आटते, ओली बरणी शंभर असेल तर भट्टीतून अठ्ठ्याऐंशी निघते, तेवढी मोठी करावी लागेल.

"नको," काका म्हणाले. "तोपर्यंत मीही आटेन."

तिसऱ्या वेळी त्यांची मुलगी शैलाताई बरोबर होती. ती दाराजवळच बसून राहिली. काका आत प्रदीपबरोबर रंगाचे नमुने बघत होते, हा फार झगझगीत, तो फार सुतकी, असं चाललं होतं. शैलाताई मला हळूच म्हणाली, "असं कुणी करतं का हो? रोज जेवताना बरणीबद्दल बोलतात. मला घास उतरत नाही." मी तिला पाणी दिलं आणि तिच्याशेजारी बसून राहिले.

बरणी झाली. पांढरी, किंचित पोट असलेली, निळ्या काठाची. मी केलेल्या कामात फार थोडी कामं मला इतकी आवडलीत. काकांनी झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि फार घट्ट बसतंय म्हणाले, आत कोंडल्यासारखं होईल. म्हणून मी थोडं सैल बसेल असं नवं झाकण केलं. सैल झाकणं आम्ही नेहमी दोन करतो, एक भट्टीत वाकडं झालं तर म्हणून. या वेळी दोन्ही चांगली निघाली. एक बरणीबरोबर गेलं, दुसरं फळीवर राहिलं.

वर्ष गेलं. मे महिन्यात एका सकाळी शैलाताईचा फोन आला. आवाज दमलेला. बाबांच्या बरणीचं झाकण हातातून पडून फुटलं, म्हणाली, तसंच दुसरं मिळेल का? आजच मिळालं तर बरं होईल.

आज का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. प्रदीपनं माझ्याकडे बघूनच ओळखलं. त्यानं ॲप्रन काढला, हात धुतले, केस विंचरले. झाकण मऊ कपड्यात गुंडाळून आम्ही टॅक्सीनं परळला गेलो. वाटेत फुलवाला दिसला. घ्यायची का, असं प्रदीपनं विचारलं. मला कळेना. आम्ही न घेताच पुढे गेलो.

तिसरा मजला. दाराबाहेर चपलाच चपला. मी कपड्याची घडी नीट केली आणि बेल वाजवली.

दार काकांनी उघडलं.

बनियन, लेंगा आणि कोपरापर्यंत पिवळे हात. आत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून शेजारच्या चार-पाच बायका कैऱ्या कापत होत्या. शैलाताई परातीत मसाला कालवत होती. खोलीभर हिंग-मोहरीचा वास. आणि टेबलावर माझी बरणी, काठोकाठ लोणच्यानं भरलेली, वर तात्पुरती वाटी झाकलेली.

मला हसावं की रडावं कळेना. काकांनी ते बघितलं असावं. म्हणाले, अहो, एवढी चांगली बरणी, नुसती रिकामी किती दिवस ठेवणार.

मी झाकण त्यांच्या हातात दिलं. पुढचं विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलंच.

"पण काका, मग... वेळ आली की?"

काकांनी झाकण लावलं, जरा फिरवलं, काढलं, पुन्हा लावलं. मसाला कालवणाऱ्या मुलीकडे बघितलं.

"शैलाला सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "आधी लोणचं संपवायचं."